उजनीच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यातील गळटाकणी

डिसेंबर-जानेवारीत भिगवणच्या आसपास पहाटेच गळ टाकून बसण्यात फारसा अर्थ नाही, कारण पाणी गारठले की रोहू, कटला आणि विशेषतः चिलापी सुस्तावतात व खाणे कमी करतात. ऊन चांगले चढल्यावर, साधारण दहानंतर बसावे. जागेच्या मासेमारीचा ठेका किंवा परवाना कोणाकडे आहे, याची आधी चौकशी करावी.

गळ लहान आणि दोरा बारीक असावा. कणीक घट्ट मळून तिची हरभऱ्याएवढी गोळी गळाचे टोक झाकेल अशी लावावी. थंडीत मासा आमिष ओढत नाही, नुसते चाखतो; तरंगा दोनदा थरथरला म्हणून हिसका देऊ नये, तो तिरका होऊन एका बाजूला सरकू लागला की मनगटाने हलकेच उचलावे.

समोर चक्रवाक आणि बदकांचे थवे उतरलेले असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या शिकारीस मनाई आहे, तेव्हा दुर्बीण पुरे. तुटलेला नायलॉनचा दोरा मात्र गुंडाळून घरी आणावा, कारण तो काठावर राहिल्यास पक्ष्यांच्या पायांत अडकतो.