पर्यावरणपूरक खाद्यखरेदी करताना या चुका टाळा

पर्यावरणाची काळजी असलेला ग्राहक खरेदी करताना बहुधा आधी वेष्टन पाहतो, मग माल किती लांबून आला याची चौकशी करतो, आणि मुळात आपण कोणते अन्न घेत आहोत हा प्रश्न त्याच्या मनात सर्वांत शेवटी येतो. हा क्रम उलटा करायला हवा.

अंतराला अवाजवी महत्त्व देणे ही यातली सर्वांत मोठी चूक आहे. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात जो अभ्यास मांडला, त्यातील आकडेवारीनुसार अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्केच आहे. खरा फरक अन्नाच्या प्रकारामुळे पडतो. केवळ मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या मांसातून १०० ग्रॅम प्रथिने मिळवताना सरासरी सुमारे ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, तर वाटाण्यातून तेवढीच प्रथिने घेतल्यास ते अर्ध्या किलोच्या आत राहते. कारण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन तयार होतो आणि चराऊ कुरणांसाठी जंगलेही तोडली जातात. म्हणूनच मांस सोडून त्याच्या जागी भरपूर चीज खाणाऱ्यांचा हिशेब चुकतो, कारण प्रथिनांच्या मापाने चीजचे उत्सर्जन कोंबडीच्या मांसापेक्षाही जास्त भरते. डाळी आणि कडधान्ये मात्र या कसोटीवर निःसंशय उजवी ठरतात.

अंतराच्या नियमाला एक अपवाद आहे, तो विमानाने येणाऱ्या मालाचा. लवकर नासणारी बेरीवर्गीय फळे किंवा कोवळ्या शेंगा हंगाम नसताना दूरदेशाहून ताज्या आल्या असतील, तर त्या विमानाने आल्या असण्याची शक्यता बरीच असते. जहाजाने आलेल्या केळ्यांना हा आक्षेप लागू होत नाही. उलट, जवळच पण तापवलेल्या हरितगृहात अवेळी पिकवलेला टोमॅटो पुष्कळ ऊर्जा खातो.

दुसरी चूक गरजेपेक्षा जास्त घेण्याची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घराघरांतून. सवलतीचे मोठे पाकीट घेण्यापूर्वी ते संपेल का, याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही सूचना मुख्यतः चव आणि दर्जाविषयी असते. ती उलटली म्हणून कोरडे धान्य किंवा बिस्किटे न तपासता फेकू नयेत. ‘या तारखेपर्यंतच वापरा’ ही सूचना मात्र सुरक्षिततेची असल्याने ती पाळलीच पाहिजे.

वेष्टनाचा विचार यानंतर करावा. पेयाची काचेची बाटली एकदाच वापरून टाकली जाणार असेल, तर वजन आणि काच वितळवण्यासाठी लागणारी उष्णता यांमुळे ती पुठ्ठ्याच्या खोक्याहून अधिक भार टाकते. रिकामी बाटली परत घेऊन पुन्हा भरण्याची सोय असेल तिथेच काच निवडावी.