'की'ला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात?

तांत्रिक भाषांतरात नव्याने उतरणाऱ्यांना मी माझ्या पहिल्या पंपाच्या मॅन्युअलची गोष्ट सांगतेच. वाक्य साधं होतं: शाफ्टवरची 'की' झिजली आहे का ते तपासा. 'की' म्हणजे 'शावी'. आपली 'चावी' त्याच पोर्तुगीज शब्दावरून आलेली. घरचाच शब्द वाटला, कोश न उघडता लिहून टाकला.

मजकूर ब्राझीलला जायचा होता. तिथल्या तपासनिसाने विचारलं, "कुठला पाना?" वर्कशॉपमध्ये 'शावी' म्हणजे पाना! 'शावी इंग्लेझा' म्हणजे अ‍ॅडजस्टेबल पाना, 'शावी दे फेंडा' म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. माझं वाक्य वाचून फिटर शाफ्ट सोडून पाने तपासत बसला असता.

मग मी भोसरीतल्या एका लेथवाल्याकडे गेले. त्याने तळहातावर एक पोलादी तुकडा ठेवला: बोटभर लांब, दोन्ही टोकं गोलसर. अर्धा शाफ्टच्या खाचेत, अर्धा पुलीच्या, म्हणून दोन्ही एकत्र फिरतात. याला पोर्तुगीजमध्ये 'शावेता' म्हणतात, आणि त्या खाचेला, म्हणजे आपल्या फिटरच्या 'की-वे'ला, 'रास्गू दे शावेता'. वस्तू हातात घेतल्यावर शब्द शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

डेटाबेसमधली 'की' मात्र पुन्हा 'शावी'च. कीबोर्डवरची 'तेक्ला', पियानोचीही 'तेक्ला'. पण गाण्याची पट्टी 'तों', आणि नकाशातल्या खुणांची यादी 'लेजेंडा'. म्हणून काम हातात आलं की आधी ड्रॉइंग किंवा फोटो मागा. मागायला लाजू नका.

दुसरा प्रश्न देशाचा. कॉम्प्युटरची फाइल ब्राझीलमध्ये 'अर्कीवू', पोर्तुगालमध्ये 'फिशेइरू'. स्क्रीन इकडे 'तेला', तिकडे 'एक्रां'. पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांनी भाषेबद्दल केलेला 1990चा करार शुद्धलेखनाचा आहे, शब्दसंग्रहाचा नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. युरोपीय संघाचा 'आयएटीई' हा संज्ञाकोश फुकट आहे आणि चांगला आहे, पण त्यातली पोर्तुगीज पोर्तुगालची. ब्राझीलच्या कामासाठी मी तिथल्याच उत्पादकांचे कॅटलॉग उघडते. चित्राखाली छापलेलं नाव मला कोशापेक्षा जास्त खात्रीचं वाटतं.

माझ्या एक्सेलमध्ये 'की'च्या आता सात ओळी आहेत. प्रत्येकीपुढे क्षेत्र, देश आणि फोटो. 'शावेता'पुढचा फोटो भोसरीतलाच, ऑइलने माखलेल्या माझ्या तळहाताचा.