जर्मन क्रियापदं चालवायची कशी? अख्खा तक्ता पाठ करू नका

शाळेत संस्कृतचे धातू चालवले असतील तर निम्मं काम झालंय, वर इथे द्विवचनही नाही. क्रियापदाच्या शेवटचं 'एन' काढा आणि उरलेल्याला शेपट्या लावा, जसं लेर्नेन म्हणजे शिकणे: इश (मी) लेर्ने, दू (तू) लेर्न्स्ट, एर (तो) लेर्न्ट, वीर (आम्ही) लेर्नेन, ईर (तुम्ही सगळे) लेर्न्ट, झी (ते सगळे) लेर्नेन. उरलेला भाग ट किंवा ड वर संपत असेल तर मध्ये ए घाला, जसं आर्बाइटेन म्हणजे काम करणे, त्याचं दू आर्बाइटेस्ट, एर आर्बाइटेट, नाहीतर जीभच वळत नाही. झालं.

आता जिथे मी आपटले ते. श्लाफेन म्हणजे झोपणे. इश श्लाफे ठीक, पण मग दू श्लेफ्स्ट, एर श्लेफ्ट, आतला आ गेला आणि ए आला, आणि वीर श्लाफेनला परत आ हजर! मी अशा प्रत्येक क्रियापदाचा सहा घरांचा तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवून रट्टा मारला आणि तोंडी परीक्षेत बिनधास्त 'ईर श्लेफ्ट' ठोकून दिलं, कारण एर आणि ईर दोघांची शेपटी ट, कान फसतो हो. बरोबर आहे ईर श्लाफ्ट. हा बदल फक्त दू आणि एरच्या घरात होतो (एरच्या घरात 'ती' आणि नपुंसकलिंगी एकवचनी 'ते' पण आले), बाकी कुणाला लागत नाही.

आणि कुणी 'आत ए दिसला की इ करायचा' असं सांगितलं तर ऐकू नका. हेल्फेनचं (मदत करणे) एर हिल्फ्ट होतं, पण गेएनचं (जाणे) एर गेटच राहतं. नुसतं बघून कळत नाही. म्हणून वहीत नवीन क्रियापद कधी एकटं लिहू नका, शेजारी एरचं रूप लिहा: श्लाफेन – श्लेफ्ट, हेल्फेन – हिल्फ्ट, नेमेन – निम्ट. बास, तेवढं मोठ्याने म्हणा, दू आपोआप येतो.

झाइन म्हणजे असणे, ते मात्र घोका: बिन, बिस्ट, इस्ट, झिंट, झाइट, झिंट.

एक मराठी खोड पण सोडा. एका माणसाला आदराने 'तुम्ही' म्हणायला ईर नाही चालत, ते दूचं अनेकवचन, मित्रांच्या घोळक्याला म्हणायचं. आदराला झी आणि 'एन'वालं रूप. पण तिसऱ्याच कुणाबद्दल बोलताना हा आदर गायब, 'बाई आल्यात' म्हणायलाही दी लेरेरिन कोम्ट, एकवचनच. मी आदराने 'कोमेन' म्हणाले तर बाईंनी विचारलं, किती जणी आल्यात?