लिव्हर एमआरआय: आर्टेरियल फेज वाया घालवणाऱ्या चुका टाळा

कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं, इमेज उजळवणारं औषध) देऊन केलेला लिव्हर एमआरआय खराब आला की पहिलं बोट मशीनकडे जातं. ‘आमचं दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) आहे, एवढंच येणार.’ हे खरं नाही. दीड टेस्लावर लिव्हर उत्तम येतो, आणि पोटात पाणी भरलेला सिरोसिसचा पेशंट असेल तर बऱ्याचदा तीन टेस्लापेक्षा बरा येतो. इमेज बिघडते ती बहुतेक वेळा इंजेक्शननंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात, आणि तीही त्याआधी पाच मिनिटं खर्च न केल्यामुळे. टी२ (द्रव उजळ दाखवणारी इमेज) हलला तर पुन्हा घ्या, डिफ्यूजन (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारी) हललं तर पुन्हा घ्या. आर्टेरियल फेज, म्हणजे कॉन्ट्रास्ट धमन्यांतून लिव्हरमध्ये पोचतानाच्या काही सेकंदांची इमेज, हलली किंवा चुकली तर त्या दिवशी ती परत मिळत नाही. म्हणून इथे जास्त जागा तिलाच दिली आहे.

ट्रिगर वेळेवर, फेज मात्र चुकलेली

सर्वांत जास्त दिसणारी चूक ही, आणि सर्वांत महाग पडणारीही हीच. बोलस ट्रॅकिंग (एका दमात सोडलेला कॉन्ट्रास्ट, म्हणजे बोलस, कुठवर पोचला ते पडद्यावर पाहणं) लावलेलं असतं, महाधमनी उजळताना दिसते, बटण (हाच ट्रिगर) वेळेवर दाबलं जातं, तरी फेज ‘अर्ली’, म्हणजे हवी त्यापेक्षा लवकरची, येते. कारण स्कॅन कधी सुरू झाला याला फारसा अर्थ नाही, के-स्पेसचा (मशीन ज्यात कच्चा सिग्नल भरतं आणि ज्यातून इमेज बनते त्या तक्त्याचा) मध्य कधी भरला याला आहे. इमेजमध्ये काय उजळ आणि काय काळं दिसणार हे त्या क्षणावर ठरतं. १८ सेकंदांच्या सीक्वेन्समध्ये (ठरलेल्या पद्धतीच्या एका स्कॅनमध्ये) हा मध्य कुठे सातव्या-आठव्या सेकंदाला येतो, तर कुठे पहिल्या एक-दोन सेकंदांतच उरकतो. व्हाइब, लावा, थ्राइव्ह ही अशा सीक्वेन्सला वेगवेगळ्या कंपन्यांनी दिलेली नावं झाली, पण एकाच मशीनवरसुद्धा प्रोटोकॉल बदलला की मध्याची जागा सरकू शकते.

यातून काय होतं ते पाहा. जुन्या मशीनवर ट्रिगरनंतर ९ सेकंदांनी स्कॅन सुरू करायची पद्धत बसलेली असते. मध्य सातव्या सेकंदाला, म्हणजे ट्रिगरपासून १६ सेकंदांवर. छान लेट आर्टेरियल, हवी तीच. मग नवीन मशीन येतं. त्यावरचा सीक्वेन्स के-स्पेसच्या मध्यापासून सुरू होणारा असतो, पण ‘९ सेकंद’ हा आकडा मात्र सगळ्यांना तोंडपाठ, तो तसाच चालू राहतो. आता मध्य ट्रिगरनंतर जेमतेम दहाव्या सेकंदाला भरतो. सिरोसिसचा पेशंट आहे, सोनोग्राफीत १८ मिलिमीटरची गाठ दिसली म्हणून पाठवलेला. आर्टेरियलमध्ये महाधमनी पांढरी शुभ्र, पोर्टल व्हेन काळी, गाठ आजूबाजूच्या लिव्हरसारखीच. त्यानंतरच्या पोर्टल फेजमध्ये तीच गाठ काळी पडलेली. वॉशआउट (कॉन्ट्रास्ट धुऊन जाणं) आहे, पण आर्टेरियल एन्हान्समेंट (त्या फेजमध्ये गाठ उजळणं) दाखवता येत नाही, आणि लाय-रॅड्समध्ये (लिव्हरच्या गाठींना कॅन्सरच्या शक्यतेनुसार श्रेणी देण्याच्या पद्धतीत) त्याशिवाय पाचवी, म्हणजे खात्रीच्या कॅन्सरची, श्रेणी देता येत नाही. त्या आकाराची गाठ मग तिसऱ्या श्रेणीत जाऊन बसते. कॅन्सर असण्याची शक्यता दाट असलेल्या माणसाला ‘काही महिन्यांनी पुन्हा तपासा’ असा कागद मिळतो. सहा सेकंदांची चूक, आणि सगळ्या इमेजेस स्वच्छ असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे. आपल्या सीक्वेन्सचा मध्य कितव्या सेकंदाला येतो हे मशीनच्या कंपनीच्या ॲप्लिकेशनच्या (वापर शिकवणाऱ्या) माणसाकडून लिहून घ्या. अंदाजे सांगितलेलं चालवून घेऊ नका. कॉन्ट्रास्ट पोटातल्या महाधमनीत दिसल्यापासून साधारण १५ ते १८ सेकंदांनी मध्य भरला पाहिजे. या आकड्यातून मध्याची वेळ वजा करा, म्हणजे ट्रिगर आणि स्कॅन यांतलं अंतर मिळतं. श्वासाची सूचना त्याच अंतरात बसवायची असते हे विसरू नका. अंतर ९ सेकंद आणि सूचना बोलायला ६ सेकंद लागत असतील, तर ट्रिगरनंतर तिसऱ्या सेकंदाला बोलायला सुरुवात. हे गणित कागदावर लिहून कन्सोलला चिकटवा, सीक्वेन्स बदलला की कागदही बदला.

‘ट्रॅकिंग कशाला, इंजेक्शननंतर २५ सेकंद मोजले की झालं’ हा शॉर्टकट हाताने इंजेक्शन देणाऱ्या सेंटर्सवर जोरात चालतो. तरुण, धडधाकट माणसात तो कधीकधी जमूनही जातो, आणि म्हणूनच तो टिकून आहे. हृदय कमजोर असलेल्या माणसात कॉन्ट्रास्ट पोटापर्यंत पोचायलाच तेवढा वेळ लागू शकतो.

फेज बरोबर आली का, हे पेशंट टेबलवर असतानाच पाहायचं. तीन रक्तवाहिन्या बघा: हिपॅटिक आर्टरी उजळ, पोर्टल व्हेनमध्ये कॉन्ट्रास्ट आलेला, हिपॅटिक व्हेन्स अजून काळ्या. पोर्टल काळी असेल तर लवकर झाली, हिपॅटिक व्हेन्स उजळल्या असतील तर गाडी गेली. प्लीहा पट्टेपट्टे दिसली तर घाबरू नका, या फेजमध्ये ती तशीच दिसते.

श्वास: मशीनचं इंग्रजी आणि पेशंटची घाई

मशीनमध्ये रेकॉर्ड केलेली सूचना पुष्कळ ठिकाणी इंग्रजीतच असते. आतमध्ये हेडफोन, वर ग्रेडियंटचा खडखडाट, आणि आजींना कानात ‘होल्ड युअर ब्रेथ’ ऐकू येतं. त्या काय करणार? मराठीत, जिथे गरज असेल तिथे हिंदीत, स्वतःच्या आवाजात सूचना रेकॉर्ड करून ठेवायला दहा मिनिटं पुरतात. तरी ते होत नाही, कारण ‘पेशंटला कळतं हो’.

‘श्वास रोखा’ एवढंच म्हटलं की दहापैकी निम्मे लोक छाती फुगवून, गाल फुगवून बसतात. भरलेल्या छातीवर रोखलेला श्वास प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबतो, मग सबट्रॅक्शनमध्ये (इंजेक्शननंतरच्या इमेजमधून आधीची वजा केल्यावर) लिव्हरच्या कडेला पांढऱ्या-काळ्या चकत्या. श्वास सोडून थांबायला लावलं तर लिव्हर दरवेळी जवळपास त्याच जागी येतं. ‘काका, श्वास घ्या… पूर्ण सोडा… आता तसेच थांबा.’ हे बाहेर खुर्चीवर, पोटावर हात ठेवून, तीन-चार वेळा करून घ्या. सोडून थांबणं काहींना जड जातं. त्यांना साधा, उथळ श्वास घेऊन थांबू द्या, पण सगळ्या फेजमध्ये तेच.

प्री-कॉन्ट्रास्टचा, म्हणजे इंजेक्शनआधीचा, स्कॅन ही रंगीत तालीम आहे. तो उघडून, लिव्हरच्या वरच्या घुमटाशी आणि डाव्या लोबशी रेषा हललेल्या नाहीत ना हे पाहिल्याशिवाय इंजेक्टरला हात लावू नये. नवीन मुलं नेमकं इथेच घाई करतात: प्री धूसर दिसतोय, पण ‘पुढच्याला जमेल’ म्हणून कॉन्ट्रास्ट सोडून मोकळी होतात. ज्याला रिकाम्या तालमीत १८ सेकंद जमत नाहीत त्याला इंजेक्शनच्या गडबडीत कुठून जमणार? स्कॅन लहान करा. स्लाइस ३ ऐवजी ४ मिलिमीटर, फेज-एन्कोडिंग दिशेचं (ही फेज वेगळी, कॉन्ट्रास्टची नव्हे) रिझोल्यूशन थोडं खाली, आयताकृती फील्ड ऑफ व्ह्यू (इमेजमध्ये टिपायचा भाग). १२-१३ सेकंदांवर सहज येतं. पॅरलल इमेजिंगचा (कमी डेटा घेऊन स्कॅन लवकर उरकण्याच्या युक्तीचा) आकडा मात्र हौसेने चढवू नका. साध्या कॉइलवर तो २ च्या पुढे गेला की लिव्हरच्या मधोमध दाणेदार खरखर येते, आणि फील्ड ऑफ व्ह्यू लहान असेल तर पोटाची कड थेट लिव्हरवर दुमडून बसते. श्वास सोडत-घेत केलेला रेडियल (के-स्पेस चाकाच्या आऱ्यांसारखी भरणारा) सीक्वेन्स उशिराच्या फेजसाठी उत्तम, पण साध्या स्वरूपात तो काही मिनिटं चालतो, आर्टेरियलसाठी त्याचा उपयोग नाही.

धाप लागणाऱ्यांना नाकाच्या नळीने थोडा ऑक्सिजन दिला तर फायदा होतो. तो भिंतीतल्या पाइपलाइनचाच. लोखंडी सिलिंडर आत नेण्याच्या चुकीने २०१८ मध्ये मुंबईत एका तरुणाचा जीव गेला आहे.

गॅडॉक्सेटेट ‘नेहमीसारखं’ सोडणं

प्रायमोव्हिस्ट, म्हणजे गॅडॉक्सेटेट (लिव्हरच्या पेशी उचलतात असा कॉन्ट्रास्ट), आणि नेहमीचे कॉन्ट्रास्ट यांत सगळ्यात मोठा घोळ मात्रेचा होतो. गॅडॉक्सेटेट ०.१ मिली प्रति किलो, गॅडोटेरेट ०.२ मिली प्रति किलो. गॅडोब्युट्रॉलही ०.१ मिलीच, पण ते गॅडॉक्सेटेटच्या चौपट तीव्र. साठ किलोच्या माणसाला गॅडॉक्सेटेट फक्त ६ मिली लागतं. ते सेकंदाला २ मिली वेगाने सोडलं तर तीन सेकंदांत संपतं. एवढा आखूड बोलस के-स्पेस भरत असतानाच चढतो आणि उतरतो, आणि रक्तवाहिन्यांच्या कडेला लाटांसारख्या रेषा उमटतात. त्या हललेल्या श्वासासारख्याच दिसतात, म्हणून दोष पेशंटला दिला जातो. सेकंदाला १ मिली ठेवा, मागून त्याच वेगाने २० ते ३० मिली सलाईन. हाताने देत असाल तर लांब नळीत अडकणारा कॉन्ट्रास्ट हिशेबात धरा. ६ मिलीतले दीड-दोन मिली नळीतच राहिले आणि सलाईन उशिरा गेलं, तर बोलसचे दोन तुकडे होतात.

या औषधाने काही पेशंटना आर्टेरियलच्याच वेळी काही सेकंद श्वास घेता येत नसल्यासारखं वाटतं. प्री स्वच्छ, पोर्टल स्वच्छ, मधली आर्टेरियल तेवढी हललेली: हे चित्र दिसलं की समजा. ‘उरलंय तर टाकून दे’ म्हणून जास्तीचं औषध सोडू नका, त्याने हा त्रास वाढण्याचाच धोका. पेशंटला आधी सांगा, ‘क्षणभर वेगळं वाटेल, लगेच जाईल.’ मशीनवर सोय असेल तर एकाच श्वासात दोन-तीन आर्टेरियल फेज घेणारा सीक्वेन्स लावा. एक हलली तरी दुसरी हाती लागते.

आता किरकोळ वाटणाऱ्या, पण रोज दिसणाऱ्या गोष्टी.

प्री आणि पोस्ट यांच्यामध्ये टेबल हलवलं, मशीनने पुन्हा प्रीस्कॅन (सिग्नलची आपोआप जुळवाजुळव) केलं किंवा फ्लिप अँगल (सिग्नल किती अंशांनी वळवायचा ते सेटिंग) बदलला, की सबट्रॅक्शन निरर्थक. एब्लेशन (गाठ जाळणं) किंवा टेस (TACE, गाठीच्या धमनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करणं) झालेल्या पेशंटमध्ये जुनं रक्त टी१ वर (कॉन्ट्रास्ट ज्यावर उजळतो त्या इमेजवर) मुळातच पांढरं असतं, तिथे सबट्रॅक्शनशिवाय भागत नाही.

एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) गॅडॉक्सेटेटच्या आधी उरका. पित्तात कॉन्ट्रास्ट उतरला की नळ्या टी२ वर काळ्या पडतात. इन-फेज आणि आउट-ऑफ-फेजही (लिव्हरमधली चरबी ओळखायच्या इमेजेस) आधीच. टी२ आणि डिफ्यूजन मात्र ट्रान्झिशनल फेज (पोर्टलनंतरची) आणि हिपॅटोबिलिअरी फेज (लिव्हरच्या पेशींनी गॅडॉक्सेटेट उचलल्यावरची) यांच्या मधल्या वेळात घ्यायला हरकत नाही, वेळ वाचतो.

हात पोटाच्या बाजूला दाबून ठेवू नका. वर घेता येत नसतील तर उशीवर, शरीरापासून वेगळे.

तीन टेस्लावर खूप जलोदर असेल तर मधोमध काळा डाग पडतो. दीड टेस्लावर पाठवा, किंवा पाणी काढून झाल्यावर बोलवा.

महाधमनीच्या ठोक्याच्या सावल्या डाव्या लोबवर पडतात आणि गाठीसारख्या भासतात. वर-खाली सॅच्युरेशन बँड (आत येणाऱ्या रक्ताचा सिग्नल दाबणारे पट्टे) लावा, शंका राहिली तर फेज-एन्कोडिंग दिशा बदलून पुन्हा.

डिक्सनमध्ये (पाणी आणि चरबी वेगळ्या इमेजेसवर दाखवणाऱ्या पद्धतीत) पाणी-चरबीची अदलाबदल होऊन लिव्हरचा एखादा भाग अचानक काळा दिसला तर पेशंटला घाबरवण्याआधी फॅट इमेज उघडा.

चार ते सहा तास उपाशी म्हणजे चहासुद्धा नाही.

हिपॅटोबिलिअरी फेजमध्ये घड्याळ पाहून घाई होते. २० मिनिटं झाली, घे, मोकळा हो. निरोगी लिव्हरला तेवढी पुरतात, पण बिलिरुबिन ३ च्या वर असेल किंवा सिरोसिस पुढे गेला असेल तर लिव्हर औषध उचलतच नाही किंवा उशिरा उचलतं. कसोटी एकच: लिव्हर आतल्या रक्तवाहिन्यांपेक्षा स्पष्ट उजळ दिसला पाहिजे. नसेल तर पेशंटला बाहेर बसवा आणि ३०-४० मिनिटांवर पुन्हा घ्या. तरीही नसेल तर फेज अपुरी असं रिपोर्टमध्ये लिहिलं पाहिजे, कारण अशा लिव्हरमध्ये गाठ काळी दिसत नाही याचा काहीच अर्थ लागत नाही. आणि या फेजसाठी आर्टेरियलचाच १० अंशांचा फ्लिप अँगल वापरू नका. तो २५ ते ३० अंशांवर नेला की गाठ आणि लिव्हर यांतला फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. या फेजचं सबट्रॅक्शन करायचं नसतं, त्यामुळे अँगल बदलल्याने काही बिघडत नाही.