दोघांची टीम, एक छाती: रुग्णवाहिकेवर सीपीआर देताना या चुका टाळा

बाजेवर सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबणं आणि त्याला श्वास देणं, होत नाही. वरून जोर लावाल तितकी सुतळीची वीण खाली जाते, आणि छाती दबली नसली तरी हाताला दबल्यासारखी वाटते. मराठवाड्यात आपल्याला पेशंट सापडतो तो बहुतेक वेळा अशाच जागी: ढाळजेतल्या बाजेवर, आखाड्यावरच्या खाटेवर, नाहीतर माजघरात भिंतीला खेटून टाकलेल्या गादीवर. अंगाखालच्या वाकळेसकट उचला आणि ओसरीच्या फरशीवर किंवा अंगणात आणा. डोक्याशी एक जण आणि छातीच्या दोन्ही अंगांना एकेक जण गुडघे टेकून बसेल एवढी मोकळी जागा हवी. त्यात पंधरा-वीस सेकंद गेले तरी जाऊ द्या.

हे लिहिते आहे ते गाडीवरच्या डॉक्टर आणि पायलटांसाठी, म्हणजे रुग्णवाहिका चालवणाऱ्यांसाठी. राज्यात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली आणि गाडीवर डॉक्टर आला, पण गाडीतून उतरणारी माणसं दोनच. टीमने सीपीआर द्यायची जी पद्धत परदेशात शिकवतात, ती मोटारींच्या शर्यतीत चाकं बदलणाऱ्या टोळीवरून घेतलेली आहे: प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाचं काम ठरलेलं. तिथल्या व्हिडिओत पाच-सहा जण दिसतात. आपण दोघं, आणि भोवती अख्खं गाव. म्हणून तर आपलं ठरवणं जास्त पक्कं असायला हवं.

कामं जागेवर पोचून वाटणं

दारात उतरल्यावर "तू हे घे, मी ते घेतो" सुरू झालं की पहिलं मिनिट गेलं. वाटणी गाडीतच व्हावी. माझं आणि पायलटदादांचं बोलणं एवढंच असायचं (एईडी म्हणजे ठोका तपासून छातीवर चिकटवलेल्या पॅडांतून विजेचा शॉक देणारं मशीन, सक्शन म्हणजे घशातली घाण ओढणारं यंत्र, अँबू म्हणजे हाताने पिळून श्वास द्यायची पिशवी):

"दादा, उतरल्या उतरल्या तुम्ही छातीवर. डोक्याशी मी, पॅड मी लावते."

"बरं मॅडम. एईडी अन् सक्शन मी उचलतो."

"अँबू अन् सिलिंडर माझ्याकडं."

डॉक्टरांची नेहमीची चूक म्हणजे आधी शीर शोधायला बसणं. शीर लागली की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, पण तोवर श्वास कोण देतंय? दोघंच असाल तर आधी छाती, मग पॅड, मग श्वास. तिसरे हात आले की लाइन, म्हणजे शिरेतली सुई, आणि ॲड्रेनॅलिन, म्हणजे हृदय चालू करायला मदत करणारं औषध.

दुसरी चूक आचक्यांची. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं माणूस मध्येच तोंड उघडून आचके देतो, घशात घरघर होते. घरचे सांगतात, "श्वास चालू हाय की हो." तो श्वास नाही. हलवून प्रतिसाद नाही, नीट श्वास नाही, दहा सेकंदांत नाडी खात्रीने लागली नाही, तर दाबायला सुरुवात करा.

छातीवरून सुटणारा हात

बाकी सगळ्या चुका शेवटी इथेच येऊन मिळतात. दाबत राहिल्यावर हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला दाब हळूहळू चढतो. हात थांबला की झपकन उतरतो, आणि परत चढवायला पुन्हा तितकंच दाबावं लागतं. दोन मिनिटांचा हिशोब मांडून बघा. १२० सेकंदांपैकी नाडी शोधण्यात १५, पॅड लावण्यात १५, अँबूच्या श्वासांत २० गेले, की छातीवर हात उरला ७० सेकंद, म्हणजे ५८ टक्के. किमान ६० टक्के हवा, आणि नीट काम करणाऱ्या टीमने ८० च्या वर जायला हवं. ८० टक्के म्हणजे दोन मिनिटांत फक्त २४ सेकंदांची सूट. तीस दाब आणि दोन श्वास या पद्धतीत श्वासांसाठीच पाच वेळा चार-पाच सेकंद जातात. सूट तिथेच संपली. इतर कशासाठीही थांबायला वेळ शिल्लक नाही.

म्हणून पॅड दाबणं चालू असतानाच लावायचे. एईडी "पेशंटला हात लावू नका" म्हणेल तेव्हाच हात उचलायचा. मशीन हाताने चालवायचं असेल तर दाबणं चालू ठेवून चार्ज करा, मग क्षणभर थांबून ठोका बघा आणि शॉक द्या. शॉकनंतर नाडी बघायची सवय मोडा. शॉक बसला की लगेच हात छातीवर, पुढची दोन मिनिटं. लय परत आली तरी थकलेलं हृदय लगेच जोर धरत नाही.

दाबायचं मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. घाबरलेला माणूस १४० वर जातो आणि मग खोली जाते. आणखी एक गोष्ट मला शिकवताना लक्षात आली. मराठीत एक ते तीस मोजलं तर "एक" एका झटक्यात होतं, "एकोणतीस" मात्र लांबतं, आणि हात तोंडाच्या मागे फरफटतो. एक ते दहा तीनदा मोजा. त्याहून बरं म्हणजे मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टकटक वाजवणारं ॲप) ११० वर लावून वरच्या खिशात ठेवा.

"डॉक्टर, आदी गाडीत घाला!"

ही हाक ज्याने ऐकली नाही असा माणूस आपल्या कामात नसेल. आणि तिला बळी पडणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते.

गाडी सुटली की पायलट चाकावर जातो, म्हणजे टीम निम्मी होते. मागे एकटा डॉक्टर: दाबणार तोच, श्वास देणार तोच. खड्ड्यांच्या रस्त्यावर खोली राहत नाही, स्ट्रेचर चढवताना दाबणं थांबतं, आणि ब्रेक लागला तर आपलं डोकं फुटतं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचल्यावर पहिल्यांदा काय होणार? छाती दाबणं, शॉक, ॲड्रेनॅलिन. हे सगळं आपल्या पिशवीत आहे.

मी ही चूक केलेली आहे. तेव्हा मी एका खासगी रुग्णवाहिकेवर होते. बालाघाटच्या डोंगरातला एक तांडा, पन्नाशीचा ऊसतोड कामगार, आमच्या समोरच कोसळलेला. पुतण्यांनी स्ट्रेचर ओढलं आणि मी अडवलं नाही. घाटाच्या वळणांवर मी एका हाताने वरचा दांडा धरून दुसऱ्या हाताने छाती दाबत होते. त्याला काही अर्थ नव्हता, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. तो वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. पण अंगणात त्याच्या वाट्याची चांगली वीस मिनिटं होती, ती मी त्याला दिली नाहीत.

आता घरच्यांना सांगायचं वाक्य मी पाठ करून घेते: "मामा, दवाखान्यात पहिल्यांदा जे करतील तेच इथं चाललंय. गाडी हलली की ते थांबतं." हे एकदाच, मोठ्याने, दाबणाऱ्याने नव्हे तर डोक्याशी बसलेल्याने सांगायचं. मग गावातल्या ज्याचं ऐकतात अशा माणसाला, पोलीस पाटील असोत की आशाताई, गर्दी मागे सारायचं काम द्यायचं. अपवाद आहेत. मोठं पोट असलेली गरोदर बाई असेल तर दवाखान्याला लगेच कळवा आणि लवकर हलवा. तोवर एकाने पोट हाताने डावीकडे सारून धरायचं, नाहीतर गर्भाशयाच्या भाराने हृदयाकडे परतणारं रक्त अडतं.

गावाची मदत न घेणं

दोन मिनिटांनी माणूस बदलायचाच. दमल्याचं त्याला स्वतःला कळत नाही. खोली आधी जाते, जाणीव नंतर होते. मे महिन्यात परभणीला पारा ४२ च्या वर असताना अंगणात तर लवकरच. पायलटाने एकट्याने किती दाबायचं? भोवतीच्या पोरांतले दोन तगडे निवडा. "दादा, माझ्या हाताकडं बघा. छातीच्या मधोमध, मनगटाजवळचा तळवा. कोपर ताठ. दाबा अन् पूर्ण सोडा." पंधरा सेकंदांत जमतं. नवा माणूस समोरच्या बाजूला आधीच हात तयार ठेवून बसेल, आकड्यावर बदल होईल. बदलायला पाच सेकंदांहून जास्त लागले तर बदल चुकला.

अँबू पिळणं

मोठ्यांच्या अँबूत दीड लिटरच्या आसपास हवा मावते. लागते अर्धा लिटरच्या थोडी वर, छाती उचललेली दिसेल इतकीच. पूर्ण पिळली की हवा पोटात जाते आणि दुपारची भाकरी घशात येते. भराभर दिली की छातीतला दाब वाढून हृदयाकडे रक्त येत नाही. श्वासनलिकेत नळी टाकलेली असेल तर सहा सेकंदांना एक श्वास, दाबणं न थांबवता. नळी नसेल तर डोक्याशी बसलेल्याने दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरावा आणि दाबणाऱ्याने तिसाव्या दाबानंतर पिशवी दाबावी. सक्शन चालू करून बघितलेलं आणि उजव्या हाताशी.

पॅडखाली घाम असेल तर शॉक नीट जात नाही; आधी टॉवेल फिरवा. तावीज, मंगळसूत्र बाजूला सारा, पॅड त्यावर नको. बाईमाणसाचे कपडे कापताना हात अडखळतो, हे मी अनुभवी माणसांचंही पाहिलं आहे. चार बायकांना लुगड्याचा आडोसा धरायला सांगा आणि कात्री चालवा. शॉकच्या वेळी ऑक्सिजन छातीपासून दूर.

विहिरीतून काढलेल्याला आधी श्वास, मग दाब. शेतातल्या मोटारीचा शॉक असेल तर फ्यूज काढल्याशिवाय शिवू नका. वीज पडून एकावेळी बरेच जण पडले असतील तर नेहमीचा क्रम उलटा: जो श्वास घेत नाही त्याच्याकडे आधी जा. विजेने थांबलेलं हृदय बऱ्याचदा आपोआप चालू होतं, श्वास मात्र उशिरा येतो, आणि तेवढा वेळ तो आपण द्यायचा असतो.

"सरांना कसं सांगू?"

डॉक्टर दाबत असेल आणि वेग घसरला असेल तर पायलटाला तो दिसतो. तो बोलत नाही. आपल्याकडचा मान राखायचा संस्कार इथे जीव घेतो. डॉक्टरांनीच ड्युटीच्या सुरुवातीला म्हणायला हवं, "दादा, माझं हळू झालं तर तोंडावर सांगा." आणि सांगितलं की "हो, वाढवते" असं उत्तर द्यायचं. औषधाचंही तसंच: "ॲड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम दिलं, आठ वाजून दहा," असं मोठ्याने. पुढचा डोस तीन ते पाच मिनिटांनी, आणि कोणाला तरी वेळ लिहायला लावा. शाळेतलं पोरगंसुद्धा पाटीवर लिहील.

नाडी परत आली तरी पॅड काढू नका, हृदय पुन्हा थांबू शकतं. आता हलवायचं, सावकाश, अँबूचा वेग तोच ठेवून.

परत आल्यावर, गाडी धुण्याआधी, दोघांनी पाच मिनिटं बसून हात कुठे-कुठे सुटला ते बोला. मग पॅडचं नवं पाकीट ठेवा आणि त्यावरची तारीख वाचा. उन्हात उभ्या गाडीत पॅडचा जेल सुकतो, म्हणून उन्हाळाभर एईडीची बॅग सीटखाली न ठेवता सावलीतल्या खोलीत ठेवा आणि कॉल आला की किल्लीबरोबर उचला.