युद्ध लागलं की सरकारवर लक्ष कसं ठेवायचं

सीमेवर गोळीबार सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन तट पडतात, एकाला नेता म्हणजे साक्षात देव आणि दुसऱ्याला सगळाच बनाव वाटतो. दोघांच्याही नादी लागू नका. भाषणं आणि फोटो बाजूला ठेवा आणि पुढच्या गोष्टी बघा, कुठल्याही पक्षाचं सरकार असो.

आधी संसद बसतेय का ते बघायचं. १९६२ ला २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि ८ नोव्हेंबरला, लढाई चालू असतानाच, अधिवेशन सुरू झालं, विरोधकांनी नेहरूंना तोंडावर सुनावलं, आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर तर काँग्रेसचेच खासदार इतके तापले होते की त्यांना अधिवेशनाच्या आधीच मंत्रिमंडळ सोडावं लागलं. मग आपले यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले (हिमालयाच्या मदतीला सह्याद्री वगैरे, ते सगळ्यांना पाठ आहे). पुढच्या ऑगस्टमध्ये विरोधी खासदार आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. ठराव ६२ विरुद्ध ३४७ असा आपटला, पण नेहरूंना सगळं ऐकून घेऊन उत्तर द्यावं लागलं ना, तेच महत्त्वाचं.

आता दुसरी बाजू, आणि इथे नेहरूंनाही सूट नाही. लढाई महिनाभरात थांबली, पण तेव्हा लावलेली आणीबाणी उठली थेट जानेवारी १९६८ मध्ये! १९७१ ला पण तेच, युद्ध १६ डिसेंबरला संपलं तरी ३ डिसेंबरची आणीबाणी तशीच राहिली, वर २५ जून १९७५ ची दुसरी आली आणि दोन्ही गेल्या १९७७ ला. म्हणजे जादा अधिकार घेतले कशासाठी हे विचाराच, पण परत कधी देणार हे त्याहून जास्त विचारा. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीला महिन्याभरात दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, ती पण विशेष बहुमताने (एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश), आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. तेव्हा तशी बातमी आली की मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये सहा महिन्यांनंतरची तारीख टाकून ठेवा, कारण तोवर टीव्हीवाले दुसऱ्याच विषयावर गेलेले असतात.

गुप्ततेचं जरा तारतम्याने घ्या. फौज कुठे हलतेय हे लढाई चालू असताना विचारायचं नसतं, तिथे गप्प बसणंच शहाणपणाचं. पण नंतर चौकशी झाली का आणि अहवाल बाहेर आला का, हे विचारायचंच. कारगिल संपल्यावर तीन दिवसांत समिती नेमली, काही भाग गाळून का होईना अहवाल २००० मध्ये संसदेत आला. याउलट १९६२ च्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही, मधे किती सरकारं आली गेली बघा. आणि कारगिलच्या वेळच्या सरकारनेही फार मिरवू नये, लोकसभा बरखास्त होती म्हणून विरोधक राज्यसभेचं अधिवेशन मागत होते, ते काही बोलावलं नाही.

शेवटी आपल्या खासदाराला मेल टाका. लांबलचक निबंध नको, एकच प्रश्न लिहा: हे अधिकार कुठल्या तारखेला संपणार आणि मुदतवाढीच्या वेळी तुम्ही मत कुठे टाकणार?