संघाच्या जर्सीवर छपाई कोणती करावी? आधी कापड हातात घ्या

मंडळात नव्या जर्सीचा विषय निघाला की सगळे डिझाइनवरच बोलतात. कुणी मोबाइलवर प्रो कबड्डीतल्या संघाचा फोटो दाखवतं, कुणाला छातीवर वाघाचं तोंड हवं असतं, प्रायोजकाचं नाव किती मोठं घ्यायचं यावर अर्धी बैठक जाते. कापड कोणतं आणि त्यावर छपाई कशी होणार, हे मात्र शेवटी दुकानदारावर सोडून देतात. आमच्या कबड्डी मंडळाच्या जर्सी करून आणण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे आणि माझं सांगणं एकच आहे: हा क्रम उलटा करा. आधी कापड ठरवा, मग छपाई, आणि डिझाइन सगळ्यात शेवटी.

हे मी एका फसलेल्या खेपेतून शिकलो. लाल पॉलिस्टरची जर्सी होती, पाठीवर पांढरे नंबर. दुकानातून आणल्या त्या दिवशी नंबर दुधासारखे पांढरेशुभ्र होते. चार दिवसांनी पहिल्या सामन्याला पिशव्या उघडल्या, तर सगळे नंबर गुलाबी पडलेले. पोरं काही बोलली नाहीत, पण वर्गणी काढून घेतलेल्या जर्सीची अशी गत बघून मला फार वाईट वाटलं. असं का होतं ते पुढे येईलच.

पायरी १: कापड ओळखा

खेळाच्या जर्सीचं कापड बहुतेक वेळा पॉलिस्टर असतं. बारीक ठिपक्या-जाळीचं असेल तर बाजारात त्याला डॉट निट म्हणतात. ‘ड्राय फिट’ हे नाव मात्र दुकानदार कशालाही देतात, त्यावर विसंबू नका. कॉलरच्या टी-शर्टला लागणारं मॅटी बऱ्याचदा पॉलिस्टर-कॉटन मिश्रण असतं. दहीहंडीच्या पथकांचे टी-शर्ट बरेचदा कॉटन होजिअरीचे असतात.

खात्री करायची असेल तर शिवणीच्या आतून दोन-चार धागे ओढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवा. कॉटन कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. मिश्रणात जळण्याचा कागदी वास येतो आणि राखेत खडेही लागतात. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, म्हणून हे काम हातात धागा धरून करू नका.

जाडी जीएसएममध्ये विचारा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. खेळण्याच्या जर्सीला साधारण १४० ते १८० जीएसएम ठीक पडतं. त्याहून पातळ कापड पकडीत फाटतं आणि त्यावर हीट प्रेसचा, म्हणजे छपाई गरमीने दाबणाऱ्या यंत्राचा, चौकोनी चकाकता डागही लगेच उमटतो.

पायरी २: जर्सीचे हाल काय होणार ते लिहून काढा

कबड्डीत जर्सी ओढली जाते, पाठ मॅटवर नाहीतर मातीत घासते आणि अर्ध्या तासात कापड घामाने चिंब होतं. खो-खोत सूर मारताना छाती आणि पोट घासतं. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये ओढाताण फारशी नसते, पण दिवसभराचं ऊन असतं. गोविंदांच्या टी-शर्टवर तर माणसं उभी राहतात. त्यात पाऊस आणि वरून ओतलेलं पाणी. त्यामुळे खांद्यावर आणि पाठीच्या वरच्या भागात गुळगुळीत, प्लास्टिकसारखी मोठी छपाई मी कधीच करू देणार नाही. ओल्या पायाखाली ती निसरडी होते आणि तिथे थरातल्या पोराच्या जिवाचा प्रश्न असतो. प्रायोजकाचं नाव छातीवर घ्या.

पायरी ३: नग आणि रंग मोजा

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे जाळीतून शाई उतरवण्याच्या छपाईत, प्रत्येक रंगाला जाळी ताणलेली वेगळी फ्रेम लागते. समजा एका फ्रेमचा खर्च ४०० रुपये आहे आणि डिझाइनमध्ये तीन रंग आहेत. हे १,२०० रुपये १२ जर्सींवर वाटले तर नगामागे १०० रुपये पडतात, २०० टी-शर्टवर वाटले तर फक्त ६. म्हणूनच पथकाच्या २०० टी-शर्टला स्क्रीन परवडते आणि १२ जणांच्या संघाला जड जाते. सब्लिमेशन आणि डीटीएफमध्ये (या पद्धती पुढच्या पायरीत सांगतो) रंग दोन असोत की वीस, भाव तोच राहतो.

पायरी ४: आता पद्धत निवडा

*सब्लिमेशन.* कापड पांढरं किंवा अगदी फिकं आणि पूर्ण पॉलिस्टर असेल, तर खेळायच्या जर्सीला माझी पहिली पसंती हीच. डिझाइन आधी खास कागदावर उलटं छापतात. तो कागद कापडावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअसला दाबला की शाई पातळ न होता थेट वायू होते आणि गरमीने सैल झालेल्या धाग्यात शिरते. कापड थंड झालं की ती आतच अडकते. त्यामुळे हात फिरवला तर छपाई लागत नाही, तिला तडे जात नाहीत, सालं निघत नाहीत आणि जाळीची भोकंही बुजत नाहीत. प्रत्येक नग वेगळाच छापला जात असल्यामुळे नाव आणि नंबर त्याच छपाईत निघतात.

पण या पद्धतीत पांढरी शाई नसते. डिझाइनमधलं पांढरं म्हणजे कापडाचंच पांढरं, म्हणून गडद कापडावर सब्लिमेशन होत नाही. सब्लिमेशनची काळी जर्सी उलटी करून पाहा, आतून ती पांढरी दिसेल. कॉटनला ही शाई धरतच नाही, आणि मिश्रणात फक्त पॉलिस्टरचे धागे रंगतात, त्यामुळे दोन धुण्यांत जर्सी जुनाट दिसू लागते.

ऑर्डर देताना एक गोष्ट नक्की विचारा: छपाई शिवण्याआधी करणार की नंतर? तयार शिवलेल्या जर्सीवर दाबलं तर काखेत आणि शिवणीपाशी जिथे घडी पडते, तिथे पांढरे ओरखडे राहतात. पुढचा भाग, मागचा भाग आणि बाह्या आधी सपाट छापून मग शिवणारा कारागीर शोधा. त्याला दिवस जास्त लागतात, म्हणून स्पर्धेच्या तीन आठवडे आधी ऑर्डर द्या.

*स्क्रीन प्रिंटिंग.* कॉटनवर आणि मोठ्या संख्येला हिच्या तोडीचं दुसरं काही नाही. ताणलेल्या जाळीतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई खाली उतरवतात. प्लॅस्टिसोल शाई पक्की व्हायला तिचा पूर्ण थर साधारण १६० अंशांपर्यंत तापावा लागतो. घाईत वरचा पापुद्रा तेवढा वाळला, तर पाच-सहा धुण्यांत तडे जातात.

आमचे नंबर गुलाबी झाले ते इथेच. रंगीत पॉलिस्टरचा रंग आणि सब्लिमेशनची शाई ही एकाच घराण्यातली. गरमी मिळाली की कापडातला लाल रंग सुटतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत चढतो. हे काम शाई पक्की करायच्या भट्टीत सुरू होतं आणि पुढे कित्येक दिवस चालू राहतं, म्हणून दुकानात काहीच कळत नाही. लाल, मरून आणि गडद निळ्यावर हा धोका जास्त. त्याला उपाय आहे: लो-ब्लीड, म्हणजे कापडाचा रंग वर चढू न देणारी शाई, नाहीतर पांढऱ्याखाली रंग अडवणारा करडा थर. छपाईवाल्याला सरळ विचारा, ‘पॉलिस्टरचा लाल रंग पांढऱ्यावर चढणार नाही ना? कोणती शाई वापरता?’ ज्याने हे काम केलंय, तो लगेच उत्तर देतो.

*डीटीएफ.* डिझाइन फिल्मवर छापतात, त्यावर पांढऱ्या शाईचा थर आणि चिकट पावडर येते, आणि मग हीट प्रेसने ते कापडावर उतरवतात. कॉटन असो की पॉलिस्टर, पांढरं असो की काळं, एकच नग असला तरी होतं. छातीवरचा तळहाताएवढा लोगो यात सुरेख येतो. पण पाठभर चित्र घेतलंत तर अंगाला प्लास्टिकचा कागद गुंडाळल्यासारखं वाटतं. खाली घाम साचतो आणि मॅटवर घासून कडा उचलतात. खेळायच्या जर्सीवर छोट्या कामापुरतंच ठेवा.

*विनाइल.* प्लॉटर, म्हणजे कापायचं यंत्र, रंगीत शीटमधून अक्षरं कापतो, नको तो भाग सुईने काढून टाकतात आणि उरलेलं प्रेसने चिकटवतात. एकरंगी नाव-नंबरांना उत्तम. ऐनवेळी एक खेळाडू वाढला तर अर्ध्या तासात काम होतं. कापड ताणणारं, लायक्रा असेल तर ताणणारं विनाइल मागा. आणि सब्लिमेशन केलेल्या जर्सीवर नंतर पांढरं विनाइल लावायचं असेल तर रंग अडवणारं, ब्लॉकआउट विनाइलच लावा, नाहीतर गुलाबी नंबरांची गोष्ट पुन्हा घडेल.

*एम्ब्रॉयडरी.* खेळायच्या जर्सीवर नको. पातळ कापड सुयांनी आक्रसतं आणि मागचं अस्तर छातीला घासतं. प्रशिक्षकांचे कॉलर टी-शर्ट, ट्रॅक जॅकेट आणि टोप्या यांवर मात्र भरतकामाचा रुबाब वेगळाच. पंचिंगचा, म्हणजे डिझाइन टाक्यांत बसवण्याचा खर्च एकदाच येतो. पुढे भाव टाक्यांच्या संख्येवर ठरतो.

पायरी ५: नंबर आधी, शोभा नंतर

कबड्डीत नंबर पुढे किमान ४ आणि पाठीवर किमान ६ इंचांचा लागतो. आमचे नंबर आम्ही पाठीवर ८ इंचांचे घेतो. हल्ली पाठीवर विजा, ज्वाळा आणि पट्ट्यांची गर्दी असते आणि त्यात नंबर हरवतो. पंच आणि गुणलेखक लांब बसलेले असतात. डिझाइन मोबाइलवर काळं-पांढरं करून पाहा. त्यात नंबर उठून दिसला नाही तर मैदानातही दिसणार नाही. अशा वेळी नंबराखालची जागा एकरंगी ठेवा किंवा नंबराला जाड किनार द्या.

पायरी ६: मराठी अक्षरांची काळजी

याबद्दल कुणी बोलत नाही आणि चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. मराठी नाव विनाइलमध्ये कापलं तर शिरोरेषेमुळे सगळी अक्षरं एकमेकांना धरून राहतात, हा मोठा फायदा. पण अनुस्वाराचं टिंब एकटं असतं. इवलासा तुकडा, चिकटायला जागाच कमी, त्यामुळे धुण्यात तोच आधी जातो. ‘शिंदे’ पाठीवर घेऊन खेळायला लागलेला पोरगा महिन्याभरात ‘शिदे’ होतो. आमच्याकडे असं झाल्यापासून मी टिंब वेलांटीला किंवा मात्रेला जोडूनच कापायला सांगतो. ते मोठंही करून घेतो.

स्क्रीनमध्ये वेगळी अडचण येते. जाड फाँट छोटा केला की ‘ध’ची वरची फट शाईने बुजते आणि तो ‘घ’ दिसतो. ‘भ’चा ‘म’ होतो. अर्ध्या इंचाहून लहान मराठी मजकूर जाड अक्षरात घेऊ नका.

फाइल कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर सगळा मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून द्या. जुन्या मराठी फाँटमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं तुटतात. नावांची यादी कागदावर छापून प्रत्येक खेळाडूची स्वतःच्या नावापुढे सही घ्या. लोगो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो दबून धुरकट होतो. डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवा.

पायरी ७: एक नग करून घ्या आणि त्याचे हाल करा

पूर्ण ऑर्डरआधी त्याच कापडावर, त्याच शाईत एक जर्सी छापून मागा. त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी द्या. एक दिवस थांबा. मग छपाई दोन्ही हातांनी ताणून सोडा. तडा दिसला तर शाई कच्ची आहे. कडेवर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. तीनदा धुवा. रंगीत पॉलिस्टरवर पांढरं असेल तर छपाईवर पांढरा कागद ठेवून जर्सीची घडी घाला आणि आठवडाभर उन्हात तापणाऱ्या पेटीत ठेवा, नंतर छपाईचं पांढरं उजेडात दुसऱ्या पांढऱ्या कागदाशी पडताळा. शेवटी ती एका खेळाडूला घालायला देऊन एक सराव करू द्या आणि छातीवर, पाठीवर काही टोचतं का ते त्यालाच विचारा.

पायरी ८: वाटताना धुण्याची चिठ्ठी द्या

ही चिठ्ठी घरच्यांसाठी असते, कारण बहुतेक घरांत जर्सी आईच धुते. मजकूर छोटा ठेवा: जर्सी उलटी करून धुवा, गरम पाणी नको, छपाईवर ब्रश घासू नका, ब्लीच नको, वाळतही उलटीच घाला, छपाईवर इस्त्री फिरवू नका. ओली जर्सी पिशवीत रात्रभर कोंडून ठेवायची नाही, हे खेळाडूला वेगळं सांगा.

ऑर्डर देताना दोन जर्सी बिननावाच्या, बिननंबरच्या जास्तीच्या घ्या आणि विनाइलचे सुटे नंबर कापून वहीत ठेवा. पकडीत जर्सी फाटली की तालुक्याच्या गावात हीट प्रेसवाला सापडतो, पण तेच कापड आणि तोच रंग त्या दिवशी मिळत नाही.